स्टिल एमएस ३८२ आणि २५ इंची बार: फळीसाठी मोठं झाड पाडायचं तर

जळणासाठी झाड पाडायचं असेल तर कुठलीही चेनसॉ चालते. खोड उभं फाटलं, बुंध्यातले रेषे उपटले, तरी वजनकाट्यावर फरक पडत नाही. फळीसाठीच्या झाडाचं तसं नाही. सगळ्यात रुंद, बिनगाठीचं आणि जास्त भावाचं लाकूड बुडापासूनच्या पहिल्या १०-१२ फुटांत असतं, आणि तोडताना खराब होतं तेही नेमकं तेवढंच. म्हणून इथे स्टिल कंपनीच्या एमएस ३८२ या चेनसॉकडे एकाच नजरेनं पाहिलं आहे: सॉ मिलवर जाणारा ओंडका ती शाबूत पोचवू देते का? झाडं आपल्याकडचीच. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यातला नाल्याकाठचा निंब, साक्री-शिरपूरकडची बाभूळ, नवापूर-तळोद्याकडचा शेतातला साग, जुने गावठी आंबे, चिंचा, शिरीष. घेर साधारण ६ ते १० फूट. एवढ्या झाडांना ही मशीन २५ इंची बारसह (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) बरोबर बसते, असं आमचं मत आहे. मात्र तिच्याबरोबर पाचरा आणि कापांचा नीट क्रम नसेल, तर याहून मोठी मशीन आणूनही बुंधा फाटायचा तो फाटतोच.

इंजिन ७२.२ सीसी, ताकद ३.९ किलोवॅट म्हणजे सुमारे ५.३ हॉर्सपॉवर. बार, चेन आणि इंधन सोडून वजन ६.२ किलो. २५ इंची बार लावून टाक्या भरल्या की हातात नऊ किलोच्या आसपास येतं. याच कंपनीची एमएस २५० आपल्याकडे फांद्या छाटायला बऱ्याच जणांकडे असते, ती ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो. वरच्या बाजूला एमएस ६६१ आहे: ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट, ७.४ किलो. ६६१ ची ताकद मोहात पाडते, पण १० फूट घेराच्या आतल्या झाडाला ती लागत नाही आणि दिवसभर वाकून काम करणाऱ्याच्या कमरेला तो सव्वा किलो जाणवतो.

बारच्या लांबीचा हिशेब आधी समजून घ्यावा, कारण मशीनची निवड त्यावरूनच ठरते. ६ फूट घेर म्हणजे २३ इंच व्यास, ८ फूट म्हणजे साडेतीस इंच, १० फूट म्हणजे ३८ इंच. १८ इंची बार घेऊन ३० इंची खोड कापायचं तर झाडाभोवती फिरत तीन-चार ठिकाणांहून काप घ्यावे लागतात. ते एका पातळीत जुळत नाहीत, मध्ये पायरी राहते, आणि न कापता ठेवलेलं ज्या लाकडावर झाड वळायचं ती बिजागरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ होते. पातळ बाजू आधी तुटते, जाड बाजू बुंध्यातून रेषे उपटून नेते. २५ इंची बारनं तेच खोड दोन बाजूंनी पुरतं आणि काप जुळवणं हाताबाहेर जात नाही. स्वस्तातल्या ५८ सीसी मशीनला २२ इंची बार लावून देतात, तिथे अडचण ताकदीची येते. पूर्ण बार बाभळीत किंवा चिंचेत बुडाला की चेन मंदावते, माणूस जोर लावतो, क्लच तापतो आणि काप तिरका जातो.

चेन ३/८ इंच पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), १.६ मिमी गेज (बारच्या खोबणीत बसणाऱ्या कडीची जाडी), २५ इंची बारला ८४ ड्राइव्ह लिंक, म्हणजे खोबणीत फिरणाऱ्या कड्या. कोपरेदार दातांची चेन (फुल चिझेल) ओल्या, स्वच्छ लाकडात झपाट्यानं कापते. पण आपल्याकडच्या खोडांवर बुंध्याला माती उडालेली असते आणि सागाच्या लाकडातच सिलिका असते. त्यामुळे गोलसर दातांची, म्हणजे सेमी चिझेल चेन घ्यावी. वेग थोडा कमी मिळतो, धार मात्र टिकते. कानस ५.२ मिमी, कोन ३० अंश, डेप्थ गेज, म्हणजे दातापुढचा उंचवटा, दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली. एका बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड झाले की काप वळतो. फांद्या तोडताना ते लक्षात येत नाही. ३० इंच खोडात ते दीड-दोन इंचांची चूक होऊन बाहेर येतं. भुसा पिठासारखा पडायला लागला की धार गेली समजावं. चांगल्या धारेचा भुसा जाड, चुरमुरीत पडतो.

काप घेण्याआधीची पाहणी टाळण्यासारखी नाही. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोड सगळीकडून ठोकून आवाज ऐकावा. जुना निंब, आंबा, चिंच, शिरीष आतून पोकळ निघण्याची शक्यता मोठी असते. ओळंबा धरून दोन बाजूंनी झुकाव मोजावा. नुसत्या नजरेला फांद्यांचा पसारा फसवतो. वर आग्या मोहोळ आहे का, विजेची तार किती लांब आहे, हे पाहावं. तार आवाक्यात असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नये. बांधावरच्या झाडात लोखंड असतंच असं धरून चालावं: गोठ्याचे खिळे, काटेरी तार, बैल बांधायच्या कड्या. बहुतेक वेळा ते जमिनीपासून ५-६ फुटांत, म्हणजे सगळ्यात महाग भागातच असतं. सालीवर आडवा वळ किंवा फुगीर गाठ दिसली की संशय घ्यावा. कापलेल्या तोंडावर निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे, विशेषतः बाभळीत, कारण तिच्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाला लागून काळं पडतं. साधा हातात धरायचा मेटल डिटेक्टर सॉ मिलच्या एका पट्ट्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

मग बुड साफ करणं. शेतकऱ्याला नांगर फिरवायचा असतो, त्यामुळे बुडखा जमिनीबरोबर हवा असतो. फळीवाल्यालाही लांबी हवी असते. कुदळीनं भोवती फूटभर माती काढावी, बुंध्याची साल कुऱ्हाडीनं सोलावी, उरलेली माती ओल्या पोत्यानं पुसावी. काळ्या मातीतली वाळू एका कापात चेन बोथट करते. सागाला बुडाशी खाचा आणि पाख (बाहेर आलेले उभे फुगवटे) असतात. पाख निरोगी असतील तर आधी उभा, मग आडवा काप घेऊन उतरवावेत, म्हणजे मुख्य काप गोल खोडात बसतो. बुंधा कुजका असेल तर पाख ठेवावेत, कारण तिथे धरून ठेवणारं लाकूड तेवढंच उरलेलं असतं.

आता पुढची, म्हणजे झाड पाडायच्या बाजूची खाच. नेहमीची पद्धत अशी: खालचा काप आडवा, वरचा ४५ अंशांनी उतरता. यात पाचरीएवढा तुकडा ओंडक्यातून जातो. ७ फूट घेराचं खोड धरू, व्यास पावणेसत्तावीस इंच. खाच व्यासाच्या पाव खोल म्हणजे पावणेसात इंच, आणि ४५ अंशांवर उंचीही तेवढीच. सॉ मिलवर तोंड चौकोनी करताना ते पावणेसात इंच पूर्ण गोलाईतून कापले जातात. वखारीच्या हिशेबानं, म्हणजे घेराचा चौथा भाग २१ इंच, त्याचा वर्ग ४४१, गुणिले लांबी फुटांत, भागिले १४४, हे सुमारे १.७ घनफूट झालं. खाच उलटी घेतली, म्हणजे वरचा काप आडवा आणि खालचा काप खालून वर तिरका, तर तो तुकडा बुडख्यातून जातो आणि ओंडक्याचं तोंड सपाट राहतं. सागासारख्या लाकडाला उलटी खाचच घ्यावी. तिची अट अशी की खाली बार फिरायला जागा हवी, म्हणून फूटभर माती काढलेली असावीच लागते. शिवाय त्या कापात मशीन तिरकी, खाली धरायची असल्यानं ३८२ चं वजन इथे सगळ्यात जास्त जाणवतं. नवशिक्यानं आधी जळणाच्या झाडांवर हात बसवावा. निंब-बाभळीला नेहमीची खाच चालते, फक्त शक्य तेवढी खाली घ्यावी.

खाचेची खोली व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी. दोन्ही काप खाचेच्या तळाशी एका रेषेत संपले पाहिजेत. एखादा अर्धा इंच जरी पुढे गेला तरी खाच अर्ध्यात मिटते, झाड अडतं आणि वजनाच्या जोरानं खोड उभं चिरतं. हा दोष सगळ्यात जास्त दिसतो, आणि दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरतात: बार घालून उरलेला कोपरा साफ करायचा.

खाचेमागे बिजागरी. जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ३० इंची झाडाला ३ इंच, सगळीकडे सारखी. जाड बिजागरी ठेवली की सुरक्षित असं वाटतं, पण फळीच्या झाडात तीच रेषे उपटते. ७ फूट घेराच्या ओंडक्यात दीड फूट रेषे उपटले तर ४.६ घनफूट जळणात गेलं. ते टाळायला गाभ्यातून काप घेतात. खाच झाल्यावर तिच्या मध्यभागी बारचं टोक सरळ मागे खुपसायचं आणि बिजागरीच्या लांबीचा मधला तिसरा भाग कापून काढायचा. आता बिजागरीचे दोन खांब उरतात, गाभ्याचे रेषे सुटे होतात आणि पडताना ओढले जात नाहीत. वरून आणखी एक फायदा: मधलं लाकूड आधीच गेल्यानं २५ इंची बार बाजूंनी घेतलेल्या कापात पुरतो. टोक खुपसताना टोकाच्या खालच्या अर्ध्या भागानं सुरुवात करायची, पूर्ण वेगात, मग हळूहळू सरळ. वरच्या अर्ध्या भागानं लाकडाला टोक लावलं की मशीन उसळून तोंडाकडे येते. चेन-ब्रेकची पट्टी दर सकाळी तपासायची ती याचसाठी. भुसा काळपट, ओला-कुजका यायला लागला तर आत पोकळी आहे. गाभ्याचा काप तिथेच सोडून द्यावा.

बिजागरीच्या दोन्ही टोकांना, खाचेच्या तळाजवळ, सालीखालच्या कोवळ्या लाकडात एक-दोन इंच छोटे काप द्यावेत. कडेचे रेषे मुळाकडे धावतात आणि पडताना ओंडक्याची कड सोलून नेतात; हे काप ते थांबवतात. झाड कडेला झुकलेलं असेल तर देऊ नयेत, तिथे बिजागरीचं प्रत्येक टोक लागतं.

मागचा काप सरळ मागून सुरू करून पुढे न्यायचा, ही सवय मोठ्या आणि पुढे झुकलेल्या झाडांना सोडावी. झुकलेलं झाड काप अर्ध्यावर असतानाच निघतं, खोड बिजागरीपासून वर उभं फाटत जातं आणि मागचा अर्धा भाग माणसाच्या छातीच्या उंचीला झटक्यानं मागे येतो. यात ओंडका जातो आणि जीवही जाऊ शकतो. त्याऐवजी बिजागरीच्या मागे बाजूनं बार खुपसावा, आधी बिजागरी नेमकी जाडीला आणावी, मग काप मागे न्यावा आणि मागच्या कडेला २-३ इंचांचा पट्टा न कापता ठेवावा. ३० इंची खोडाला हे दोन्ही बाजूंनी करावं लागतं: पलीकडची बाजू आधी, अलीकडची नंतर, दोन्ही काप एका पातळीत. नेहमीच्या खाचेत ही पातळी खाचेच्या तळापेक्षा इंच-दोन इंच वर ठेवावी. दोन पाचरा ठोकून घ्याव्यात. आजूबाजूची माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब आहेत आणि मागे तिरक्या दिशेनं पळायची वाट मोकळी आहे हे पाहून, मग बाहेरून, पट्ट्याच्या पातळीपेक्षा इंचभर खाली काप देऊन पट्टा सोडायचा. झाड तेव्हा निघतं जेव्हा आपण सोडतो. एवढं नियंत्रण कमी ताकदीच्या मशीननं मिळत नाही, कारण बार खुपसताना चेनचा वेग पडला की उसळी येते.

पाचरा प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्याच घ्याव्यात, १० आणि १२ इंची, निदान चार. लोखंडी पाचरेला चेन लागली की दात गेले. पाचर किती काम करते हे मोजता येतं. ३० इंची खोडात ७ इंच खाच आणि ३ इंच बिजागरी वजा जाता मागे २० इंच उरतात. झाड ५० फूट, म्हणजे ६०० इंच. मागे एक इंच उचललं की शेंडा ३० इंच पुढे जातो. ओळंब्यानं शेंडा मागे चार-पाच फूट झुकलेला दिसला तर नुसत्या पाचरांवर भरवसा ठेवू नये. खोडाच्या दोन-तृतीयांश उंचीवर दोर बांधून, कप्पीनं दिशा बदलून ट्रॅक्टरनं ताण द्यावा. ट्रॅक्टर झाडाच्या पडण्याच्या रेषेबाहेर, आणि ताण हळू, झटका नाही. जेसीबीनं ढकलायची पद्धत सध्या फार वाढली आहे. फळीच्या झाडाला ती घातक: बकेटच्या दाबानं खोडात आडव्या बारीक भेगा पडतात, वरून दिसत नाहीत आणि फळी रंध्यावर आल्यावर मोडते.

झाड कुठे पडणार हेही तितकंच महत्त्वाचं. बांधावर आडवं पडलं तर खोड बांधाच्या धारेवर मोडतं. नाल्यावर पडलं तर मधोमध. सपाट वावरात, शक्यतो नांगरलेल्या मऊ जमिनीत पाडावं आणि आधी छाटलेल्या फांद्यांची जाड गादी पसरावी. शिरीष आणि आंब्याला ही गादी हवीच. वजनाचा अंदाज असावा: ७ फूट घेराचा १२ फुटी ओंडका वखारीच्या मापानं पावणेसदतीस घनफूट भरतो, खरं आकारमान त्याच्या सव्वापटीहून थोडं जास्त, आणि ओला निंब असेल तर वजन सव्वा टनाच्या पुढे.

तुकडे करताना आधी सॉ मिलवाल्याला लांबी विचारावी आणि प्रत्येक ओंडक्याला ३-४ इंच जास्त ठेवावेत. गुण्या लावून रेष मारावी. ओंडका दोन टोकांवर टेकलेला असेल तर वरची बाजू दाबाखाली असते: वरून एक-तृतीयांश कापायचं आणि उरलेलं खालून. उलटा क्रम केला की बार अडकतो, किंवा खालची बाजू लांब चिरफळी काढत फाटते. झुकून वाढलेल्या झाडाच्या ओंडक्यावर खडूनं खूण करावी. त्यातल्या फळ्या चिरताना वाकतात आणि मिस्त्रीला ते आधी माहीत हवं.

कापलेल्या तोंडांना त्याच दिवशी मेण किंवा जाड रंगाचे दोन हात द्यावेत. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात तोंडं पहिल्या दिवसापासून तडकतात. म्हणून तोड नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. ओंडके दगडांवर उचलून, सावलीत ठेवावेत. आंबा आणि शिरीष पंधरा दिवसांत चिरून घ्यावेत, नाहीतर काळपट डाग धरतो. बाभळीची साल काढावी, तिच्याखाली भुंगेरे शिरतात.

मशीनच्या मर्यादा. कार्बोरेटर हातानं लावायचा आहे, आपोआप जुळणारा नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि हातानं लावायच्या कार्बोरेटरला १० टक्क्यांवरचं इथेनॉल त्रास देऊ शकतं: मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. जाणकार मिस्त्रीकडून ते लावून घ्यावं. काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवावी. टाकीत पेट्रोल ठेवून पावसाळा काढू नये. कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर ५ लिटरला १०० मिली. दुसरं असेल तर २०० मिली. चेनला जळकं ऑइल घालणं थांबवावं, त्यातला लोखंडी कीस पंप खातो. उन्हाळ्यात चेन तापून सैल होते, तेव्हा ताणली तर काम संपताच सैल करावी, नाहीतर गार होताना आखडून क्रँकशाफ्टवर ताण येतो. एअर फिल्टर बाभळीच्या कोरड्या भुशात रोज झटकावा लागतो.

परवानगीचं काम तोडीच्या आधीचं. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, खैर, तिवस, ऐन, अंजन, जांभूळ, हलदू, बिजा ही आपल्याकडची झाडं आहेत. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगी लागते. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे, आणि नंदुरबार जिल्ह्यात व्यवहार करताना तो वगळून चालत नाही. सागाची गाडी वाहतूक परवान्याशिवाय हलवू नये.

कोणी घेऊ नये? वर्षाला दोन-चार झाडं पाडणाऱ्यानं. त्यानं पाचरा, ओळंबा आणि बार खुपसून काप घेता येणारा माणूस शोधावा. फक्त ५ फुटांखालच्या घेराचं काम असेल तर ५० ते ६० सीसीची, १८-२० इंची बारची मशीन हलकी आणि पुरेशी. १० फुटांवरच्या वडिलोपार्जित चिंचांना ३८२ कमी पडते. तिथे ६६१ आणि ३६ इंची बार. घेताना बार-चेनसह लेखी भाव मागावा आणि त्याच बिलात जादा दोन सेमी चिझेल चेन, ५.२ मिमीच्या कानशी आणि गाइड, चार पाचरा, जाळीचं हेल्मेट, कानपट्ट्या आणि चेन अडवणारी पँट घालून घ्यावी. चेनच्या खोक्यावर ८४ लिंक आणि १.६ मिमी छापलेलं आहे का, हे दुकानातच पाहावं, १.५ मिमीची चेन या बारच्या खोबणीत सैल बसते आणि काप तिरका नेते.